पाला कोण वाहतो

मी जपानला जाणार हे नक्की झालं तेव्हा आमच्या घरी सगळ्यात आधी चर्चा झाली ती चपलांची. यजमान नगरपालिकेत कारकून. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तिकडे दर दारात चपला काढाव्या लागतात. "पट्ट्याच्या नकोत, अंगठ्याच्या घे. नाहीतर तुझा अर्धा जपान बक्कल लावण्यात जाईल," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला दिलेल्या सल्ल्यांपैकी हा सर्वांत उपयोगी ठरला.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. एका संस्थेने शिक्षकांकडून ‘माझ्या तालुक्याचा इतिहास’ या विषयावर निबंध मागवले होते. निवडलेल्या सहा जणांना तीन आठवडे जपानची खेडी आणि लहान गावं दाखवणार होते. किल्ले आणि राजे बाकीचे सगळे लिहिणार हे उघड होतं, म्हणून मी आमच्या तालुक्यातल्या दोन गोष्टींवर लिहिलं. एक म्हणजे नारपोलीचे लूम, दुसरी म्हणजे दिघाशीकडचा राब. निवड झाली. दौरा दिवाळीच्या सुट्टीला धरून होता, त्यामुळे शाळेलाही तक्रार करायला जागा राहिली नाही.

राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची आमच्या ठाणे-कोकणातली जुनी रीत. थंडीत ऐनाच्या फांद्या छाटायच्या, त्यांचा पाला गावात आणून रचायचा, उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, गवत, माती असे थर देऊन ते भाजायचे. तण जळतं, माती भुसभुशीत होते आणि पाऊस पडला की तिथे बी पेरतात. निबंधात मी हे सगळं लिहिलं होतं. पाला रानातून गावात कोण आणतं, ते लिहिलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

माहिती मिळाली होती ती दिघाशीच्या एका शेतकऱ्याच्या घरून. आमचा वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडून येई. घरात म्हातारा, म्हातारी, मुलगा आणि सून. सून माझी जुनी विद्यार्थिनी. तिचं माहेर भिवंडीला लागूनच, सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती, नकाशे फार सुबक काढायची.

जाण्याआधी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ओटीवर बाप-लेकाचं जुंपलेलंच होतं. मुलाला राब बंद करून ‘जपानी’ करायचं होतं. गादीवाफ्यावर रोप, वर खत, आणि दोरी धरून ओळीत लावणी, या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द होता, जपानी. सरकारी शेतीवाल्यांनी तो शब्द आणला आणि गावाने ठेवून घेतला.

"बाय, तू जातेस तर येक काम कर," म्हातारा म्हणाला. "त्ये लोक राब भाजतात का न्हाय, डोल्यांनी बघून ये. ऐकलेलं सांगू नको."

"न्हाय भाजत," मुलगा म्हणाला. "माझ्या मावसभावाने जपानी केलं, राब न्हाय भाजला, भात आलं ना?"

"आलं. आन त्याची आई तन काढून काढून वाकली त्ये पन सांग."

"बाबा, तुमचं आपलं कायतरीच."

"माझं कायतरीच आन तुझं जपानी. बाय सांगंल काय त्ये."

मी कबूल केलं. निघाले तेव्हा सून मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. तिच्याशी बोलताना मला काहीतरी विचित्र वाटत होतं, ते थांब्यावर उमगलं. गाडी येते का पाहायला ती मान वळवत नव्हती, अख्खी वळत होती, दार उघडावं तशी. मी विचारलं. गेल्या माघात डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन चढ उतरताना ती पडली होती. भारा मानेवर आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्यावर पुन्हा ओझं घेतलंस तर मान कायमची जाईल.

"मग घरी सांगितलंस का?"

"सांगितलं. सासू बोलली, मंग पाला काय उडत येनार हाय? माजी पन मान दुकते बोलली. तिची पन दुकते बाई, खोटं न्हाय." मग तिने विचारलं, "बाई, राब भाजतात का त्ये तुमी बघालच. माजं येक बघा. तिकडं पाला कोन व्हातो?"

गाडी आली. मी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, कारण लक्षात राहील म्हणून सोडलेल्या गोष्टी माझ्या लक्षात राहत नाहीत.

जपानमध्ये आमचे दुभाषे पन्नाशीचे गृहस्थ होते. हिंदी अलाहाबादला शिकलेले. त्यांची हिंदी इतकी शुद्ध की आम्हा सहा जणांत ती पुरती समजणारे एकटे बिहारचे मास्तर. माझी हिंदी भिवंडीची, लूमवर आणि बाजारात शिकलेली. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "महोदया, कृपया पादत्राण यहाँ उतारें," आणि मी म्हटलं, "हां हां, निकालती मैं." त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे तीन आठवडे आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलं.

भूगोल शिकवणाऱ्या बाईने खरं म्हणजे आश्चर्य वाटून घ्यायला नको होतं, पण मला वाटलं. आमच्या पुस्तकात जपान दीड पानात आटपतो. बेटं, भूकंप, रेशीम, जहाजं. प्रत्यक्षात दर डोंगरापलीकडे वेगळा देश निघत होता. नागोयाजवळच्या विणकरी गावात गल्लीच्या तोंडाशीच लूमचा आवाज ऐकू आला आणि माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. मी कारखान्यातल्या बाईशी त्या आवाजातच, नारपोलीत बोलतात तसं, ओठ मोठे हलवून बोलायला लागले. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तरी धागा तुटला की लूम थांबतो का, एका बाईकडे किती लूम, शिफ्ट किती तासांची, एवढं आमचं बोटांवर बोलून झालं. दुभाषे दारातच उभे होते.

तिथून आम्ही निगाताकडे गेलो. हा बर्फाचा मुलूख. तिथल्या एका जुन्या गावात घरांच्या पुढची छपरं एकमेकांना जोडलेली होती, म्हणजे बर्फ पडलं तरी गावच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालून चालत जाता यावं. प्रत्येकाने आपल्या घरापुढचा तुकडा सांभाळायचा, वाट सगळ्यांची. आमच्या बाजारपेठेत दोन दुकानांचे पत्रे एकमेकांना लागले तर कोर्टात जातात, हे मला आठवलं.

शेतांच्या बांधांवर उंच, सरळ झाडांच्या रांगा होत्या. ही झाडं सावलीसाठी नव्हती. त्यांना आडव्या काठ्या बांधून त्यावर कापलेलं भात वाळत घालायचं, कारण जमीन ओली. थोड्याच ठिकाणी आता तसं करत होते, बाकी ठिकाणी झाडं उरली होती आणि भात यंत्रात वाळत होतं. मला हे फार आवडलं. मी झाडांमधलं अंतर पावलांनी मोजून घेतलं.

तिथल्या शेतकऱ्याला मी म्हटलं, "आप लोग का जपानी पद्धत दिखाओ."

दुभाष्यांनी ते सांगितलं. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि काहीतरी विचारलं.

"महोदया, वे पूछते हैं, कौन-सी?"

मी गादीवाफा, दोरी, ओळ, असं हातांनी करून दाखवलं. शेतकरी हसला. दोरी त्याच्या आईच्या वेळची, तो म्हणाला. आता रोपं खोक्यात वाढतात आणि यंत्र लावतं. त्याने पडवीत रचलेली रिकामी उथळ खोकी दाखवली. डोंगरापलीकडे गारठा जास्त, तिथे रोपांवर तेलाचा कागद घालत. दक्षिणेत आणखी वेगळं. दिघाशीची ओटी माझ्या डोळ्यांसमोर आली. गेली वीस-पंचवीस वर्षं आमचा सगळा तालुका ज्याला जपानी म्हणून भांडत होता, ते इथे कोणाला एका नावाने माहीतच नव्हतं.

"और राब? मतलब पाला जलाते क्या, बीज के पहले?"

नाही. भाताला नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न सुटला. मी वहीत लिहिलं: ‘भाजत नाहीत. डोळ्यांनी पाहिलं.’ पहिल्या पानावरचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पालाच नाही तर तो वाहणार कोण? सुनेसाठी हे उत्तर काही कामाचं नव्हतं. तिच्या घरी पाला होता, आणि म्हाताऱ्याचा एकूण रंग पाहता येत्या थंडीतही असणार होता.

नागानोच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात आम्ही शेवटचे पाच दिवस होतो. तिथे बंद पडलेल्या शाळेत गावाने आपल्या जुन्या वस्तू ठेवल्या होत्या. निवृत्त हेडमास्तर ते पाहत. मी मनात म्हटलं, जगात कुठेही जा, गावाचा इतिहास शेवटी निवृत्त मास्तरच्याच गळ्यात. त्यांनी गावच्या जुन्या नियमांची वही काढली आणि वाचायला लागले. वसंतात डोंगर अमुक दिवशी उघडायचा. देवळाची घंटा झाल्याशिवाय कोणी विळा लावायचा नाही. एका घरातून दोन माणसं.

"किसका विळा? क्या काटते थे?" मी विचारलं.

"कोमल डालियाँ और पत्ते, महोदया. धान के खेत के लिए."

मी खुर्ची पुढे ओढली. ते लोक पाला जाळत नव्हते, लावणीआधी शेताच्या चिखलात पायांनी तुडवत होते. खताची पोती आली तसं ते बंद पडलं. म्हणजे पाला होता. डोंगरावरून खाली आणावा लागत होता.

"वो पाला नीचे कौन लाता था? बाई लोग? डोके पे लेके?"

"‘डोके’ शब्द मेरे कोश में नहीं है," दुभाषे म्हणाले.

मी डोक्यावर हात मारून दाखवला. हेडमास्तर गोंधळले. खोलीच्या कोपऱ्यात एक सत्तरीची बाई झाडत होती. ती झाडू ठेवून पुढे आली. दुभाष्यांनी विचारल्यावर ती मोठ्याने हसली, मग भिंतीवरून लाकडाची एक चौकट काढून तिने सरळ आपल्या पाठीला लावली. शिडीसारखी, वर थोडी अरुंद. खांद्यांतून घालायला गवताचे विणलेले पट्टे, पाठीला टेकायला जाड विणलेली गादी आणि खाली ओझं ठेवायला मागे निघालेले दोन दांडे.

"डोक्यावर? मान मोडली असती," ती म्हणाली, असं दुभाष्यांनी सांगितलं. "आम्ही दोघं नेत होतो. नवऱ्याचा भारा मोठा, म्हणून तो सावकाश चाले आणि वाट अडवून ठेवी. मी मागून शिव्या देई."

"नवरा भी उठाता था? शरम नहीं लगती?"

हा प्रश्न दुभाष्यांनी दोनदा विचारून घेतला. म्हातारीलाही तो दोनदा सांगावा लागला. "डोंगर उघडल्यावर घरात बसला असता तर शरम वाटली असती," ती म्हणाली.

मी चौकट पाठीवर घेतली. तिने तिच्यावर शाळेतली जाड पुस्तकं रचून बांधली आणि मला व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावल्या. वजन कमरेवर येत होतं. मान मोकळी होती, मी दोन्हीकडे पाहू शकत होते. बिहारच्या मास्तरांनी माझा फोटो काढला, तो मी अजून कोणाला दाखवलेला नाही.

माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप असते. मी चौकटीची लांबी, रुंदी, दांड्यांचा कोन, पट्ट्यांची जागा, सगळं मोजलं आणि आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढलं. बाकीच्यांनी क्योतोहून बाहुल्या आणि पंखे आणले. मी हा कागद आणला, आणि यजमानांसाठी एक छत्री.

नारपोलीत लूमचे लाकडी भाग दुरुस्त करणारा एक सुतार होता, उत्तर प्रदेशातला. त्याने कागद उलटासुलटा पाहिला.

"बाईजी, ये कौनसे लूम का पार्ट है?"

"लूम का नहीं. पीठ पे लगाने का है."

"किसकी पीठ पे?"

"आदमी की."

त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, ताप आहे का बघावं तसं. पण काम चोख केलं. गवताच्या पट्ट्यांऐवजी लूमच्या जुन्या कातडी पट्ट्यांचे तुकडे लावले आणि खांद्यावर रुतू नयेत म्हणून आत चिंध्या भरल्या. ही त्याची सुधारणा. जपानच्या चौकटीपेक्षा ती बरी होती असं माझं मत आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी ती घेऊन एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "बाई, शिडीचं हाफ तिकीट लागेल." मी म्हटलं, "शिडीला सीट दे, मग फुल देते."

दिघाशीला पाला छाटायला सुरुवात झालेली होती. म्हाताऱ्याने बसायच्या आधी विचारलं, "भाजतात?"

"नाही भाजत."

मुलाने मांडीवर थाप मारली.

"पण पाला घालत होते. डोंगरातला. चिखलात तुडवत. तुमच्या वयाच्या लोकांनी केलंय ते."

आता म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "बघ! पाला व्हता ना? पाल्याबिगर भात न्हाय. आवंदा राब व्हनार!"

सून चुलीपाशी होती. ती अख्खी वळली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या दृष्टीने मी तिच्याविरुद्धच साक्ष दिली होती. मी चौकट उचलून अंगणात नेली आणि तिला हाक मारली.

पुढचा अर्धा तास फार वाईट गेला. पाल्याचा भारा बांधून आम्ही तिच्या पाठीवर चढवला. ती अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत गेली आणि परत आली. मान ताठ नव्हती, सैल होती, तिचं तिलाच नवल वाटत होतं. पण तोवर शेजारच्या बाया जमल्या.

"आगो, ह्ये काय? कुंभाराच्या गाढवावानी!"

"बाईनी जपानवरनं खोगीर आनलान!"

"आता शेपटी पन लाव गो!"

सासूने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की लाजेने ते कळलं नाही. सुनेने भारा उतरवला, चौकट भिंतीला टेकवली आणि आत निघून गेली. मी तिच्यामागे गेले. "हसू देत की," मी म्हटलं. "मान तुझी आहे."

"मान माजी हाय, पन रोज त्याच रस्त्यानं जायाचं हाय बाई," ती म्हणाली. "मी डोक्यावरच घेईन. थोडं थोडं घेईन."

मला तिचा रागही आला आणि तिचं म्हणणं पटलंही. गावात राहायचं तिला होतं. मी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते. मी बाहेर आले तर म्हातारा चौकटीपाशी उकिडवा बसून पट्टे चाचपत होता.

"बाय, ह्ये तिकडं बाप्ये घेत व्हते?"

"घेत होते. नवऱ्याचा भारा बायकोपेक्षा मोठा असे."

"डोकीवर न्हाय?"

"डोक्यावर कोणीच नाही."

हे त्याने मनात फिरवलं. आमच्या खेड्यांत पुरुष झाडावर चढून फांद्या छाटतो, आणि खाली पडलेला पाला हे बायकांचं काम. पुरुषाने डोक्यावर भारा घेतलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खांद्यावर कावड घेईल, पण रानाच्या चढावर कावड चालत नाही. अडचण वजनाची कधीच नव्हती, डोक्याची होती. आणि समोरच्या वस्तूला डोकं लागत नव्हतं.

"मशीन हाय त्ये," मुलगा मागून म्हणाला. "जपानी मशीन. बायांना न्हाय जमनार. बॅलन्स लागतो."

सत्तरीच्या म्हातारीने ते एका हाताने भिंतीवरून काढलं होतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"तुला जमंल?" म्हाताऱ्याने लेकाला टोमणा मारला. "तू तर राब नको बोलतोस."

"राब नकोच. पन मशीन बघायला काय झालं?"

त्याने सुनेचा मघाचा भारा आणि वर आणखी अर्धा घेतला, आणि अंगणातल्या बायांच्या मधून ताठ चालत गेला. एकीनेही गाढव म्हटलं नाही. एक म्हणाली, "किती आनतो गो येका टायमाला!" म्हाताऱ्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं की भारा नीट बांधलेला नाही, आणि मग बांधायला स्वतः उठला. राब म्हाताऱ्याचा, यंत्र जपानी. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं. मी चहा पिऊन गाडी पकडली.

माघ संपता संपता सून भिवंडीच्या बाजारात भेटली. नारपोलीच्या सुताराकडून गावात आणखी तीन चौकटी गेल्या होत्या. पाला यंदा पुरुषांनी आणला.

"आन बाई, मिजास किती! वरनं आले की चा लागतो. पाय दाबा बोलतात. आमी येवढी वर्सं आनला, कोनी पानी इच्यारलं न्हाय."

"मग दिलास का चहा?"

"दिला. आनू दे की. चा काय, भजी पन दिली."

एवढं बोलून ती घाईने निघाली, तिची गाडी सुटत होती. स्टँडपुढच्या रस्त्याला मालाचे ट्रक सारखे जात असतात. कडेला उभी राहून तिने आधी एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. फक्त मान वळवून. मग पळत पलीकडे गेली.